स्कॅनरवर नाव कुणाचं?

संध्याकाळच्या धारा काढायला अजून वेळ आहे, तोवर थोडं रेडिओजवळ बसा. हातातलं निवडणं-टिपणं चालू राहू द्या. आज मी त्या काळ्या-पांढऱ्या चौकोनाबद्दल बोलणार आहे. किराणा दुकानात, पिठाच्या गिरणीत, भाजीच्या हातगाडीवर, सगळीकडं तो चिकटवलेला दिसतो. खरं तर त्याचं नाव क्यूआर कोड. स्कॅन करतो तो आपला फोन. पण बाजारात सगळे त्या चौकोनालाच 'स्कॅनर' म्हणतात, तेव्हा मीही तेच म्हणते.

आधी माझीच फजिती सांगते. मी राहते हिवरे बाजारात. आमच्या गटात आम्ही अकरा जणी आहोत. बाजरीच्या खारोड्या, कुरडया आणि शेंगदाण्याची चटणी करतो. एकदा नगरला बचत गटांच्या प्रदर्शनात आम्हाला टेबल मिळालं. सकाळी एक मुलगी आली, तिनं खारोड्यांची दोन पाकिटं उचलली आणि विचारलं, "मावशी, स्कॅनर कुठंय?" आमच्याकडं होता पत्र्याचा डबा आणि सुट्ट्या पैशांची पुरचुंडी. मुलीनं पाकिटं खाली ठेवली आणि ती पुढच्या टेबलाकडं गेली. तिसरं गिऱ्हाईक असंच गेल्यावर आमच्यातल्या एकीनं मुलाला फोन लावला. त्यानं त्याच्या स्कॅनरचा फोटो पाठवला. आम्ही जवळच्या झेरॉक्सच्या दुकानातून त्याची प्रिंट काढली, पुठ्ठ्यावर चिकटवली आणि दिवसभर झकास विक्री केली.

संध्याकाळी डबा मोजला. रोख २,१५० रुपये. स्कॅनरवर किती आले, ते मात्र आमच्यापैकी एकीलाही सांगता येईना. मुलाला विचारलं, तर तो म्हणाला ३,४६०. पण दोन दिवसांनी त्याच्या मोटारसायकलचा हप्ता खात्यातून आपोआप कापला गेला आणि आमचे पैसे त्यात गेले. पोरगं गुणी आहे. त्यानं मुद्दाम काही केलं नाही, पगार झाल्यावर सगळे पैसे परत दिले. पण मधले तीन आठवडे आमच्या गटात काय झालं, ते मला विचारा. मीटिंगला त्या माउलीची मान वर होईना. एक जण हळूच म्हणाली, "आले असतील जास्तच, आपल्याला काय कळतंय?" बारा वर्षांचा गट, कर्जाचा हप्ता कधी चुकला नाही, आणि एका पुठ्ठ्यापायी आमच्यात संशय शिरला.

तेव्हापासून कुठंही स्कॅनर दिसला की माझा पहिला प्रश्न असतो, यावर नाव कुणाचं? फोन धरून फोटो काढल्यासारखं करायला कुणालाही पाच मिनिटांत येतं. ते शिकवायला मी आलेले नाही. नाव वाचायला आणि नाव लावायला शिकूया, एवढंच आज सांगायचंय.

आता हा चौकोन आहे तरी काय? तो जन्मला जपानमध्ये, १९९४ साली. डेन्सो नावाच्या मोटारीचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत मासाहिरो हारा नावाचे इंजिनिअर होते. कारखान्यात भागांच्या खोक्यांवर उभ्या रेघांचे बारकोड असायचे. साबणाच्या वडीवर किंवा बिस्किटाच्या पुड्यावर असतात ना, तसेच. त्या रेघांत वीसेक अक्षरंच मावायची, म्हणून एका खोक्याला कितीतरी बारकोड लावावे लागायचे आणि कामगार ते वाचून वाचून थकायचे. हारा यांना जेवणाच्या सुट्टीत 'गो' नावाचा काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांचा खेळ खेळायची आवड होती. त्या पटावरून त्यांना सुचलं, की माहिती आडवी आणि उभी अशी दोन्हीकडून मांडली तर खूप मावेल. क्यूआर म्हणजे 'क्विक रिस्पॉन्स', चटकन उत्तर देणारा. कंपनीनं तो वापरण्याबद्दल कुणाकडून पैसे मागितले नाहीत, म्हणून तो जगभर पसरला आणि आपल्या गिरणीपर्यंत आला.

आपल्याला समजायला ठिपक्यांची रांगोळी आठवा. कुठल्या ठिपक्यावर रंग भरला आणि कुठला मोकळा सोडला, यावरून आकृती बनते. या चौकोनातही तसंच. काळं घर म्हणजे एक खूण, पांढरं घर म्हणजे दुसरी खूण. तीन कोपऱ्यांत तीन मोठे चौकोन असतात, बघा कधी नीट. त्यावरून फोनला कळतं की रांगोळीची वरची बाजू कुठली. म्हणून फोन उलटा धरला तरी चालतो. कागद थोडा फाटला, हळदीचा डाग पडला, तरी बहुतेक वेळा तो वाचला जातो, कारण आत माहिती जरा जादाची लिहून ठेवलेली असते.

दुकानातल्या स्कॅनरमध्ये लिहिलेलं काय असतं? एक पत्ता आणि एक नाव, एवढंच. त्यात पैसे नसतात, पासवर्ड नसतो. पत्राच्या पाकिटावर जसा पत्ता, तसा हा खात्याचा पत्ता. त्यामुळं आपला स्कॅनर चारचौघांत लावला म्हणून आपले पैसे कुणी काढून नेऊ शकत नाही. ती भीती मनातून काढून टाका. पण पाकिटावर पत्ता मुलाचा असेल तर पत्र मुलाच्याच घरी जाणार. खारोड्या आम्ही लाटल्या होत्या, पत्ता त्याचा होता. पैसे बरोबर त्या पत्त्यावर गेले.

आपल्या देशात फोनवरून असे पैसे पाठवायची सोय, म्हणजे यूपीआय, २०१६ साली सुरू झाली. त्याच वर्षाच्या शेवटी भीम अ‍ॅप आलं. आता तर एसटीच्या कंडक्टरकडच्या मशीनवरही स्कॅन करून तिकीट काढता येतं. आपल्याला मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट, आणि त्यावर सुट्ट्या पैशांची कटकटही नाही. पण घाई करू नका. स्कॅन केल्यावर पडद्यावर पहिली ओळ येते ती नावाची. समोरच्याचं बँकेत जे नाव आहे तेच अ‍ॅपनं दाखवायचं, असा नियम २०२५ पासून झाला आहे. ती ओळ मोठ्यानं वाचा. दुकानदाराला ऐकू जाईल असं म्हणा, "भाऊ, अमुक-तमुक नाव येतंय, बरोबर का?" मग रक्कम टाका, शून्य मोजा, आणि शेवटी पिन. पिन टाकताना फोन छातीशी धरायचा. चष्मा घरी राहिला असेल तर शेजारच्या बाईकडून नाव वाचून घ्या. पिन मात्र तिलाही सांगायचा नाही.

आता दुसरी बाजू. आपला माल विकायचा आहे तेव्हा स्कॅनर आपला हवा. इथं मला आमच्या गावातलीच एक गोष्ट आठवते. हिवरे बाजार हे कमी पावसाचं गाव. १९८९ साली पोपटराव पवार सरपंच झाले, तेव्हा गावातली माणसं कामासाठी बाहेर जात होती आणि विहिरी कोरड्या पडत होत्या. पुढं गावानं श्रमदान केलं, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळली, शेतीसाठी बोअर घ्यायचा नाही असं ठरवलं. हे पुष्कळांना माहीत आहे. बाहेरची माणसं डोंगर आणि बंधारे बघून जातात. पण मला सगळ्यात मोठं काम वाटतं ते पाण्याच्या ताळेबंदाचं. पाऊस किती पडला ते मोजायचं, पाणी किती साठलं त्याचा हिशेब मांडायचा, आणि तो ग्रामसभेत सगळ्यांपुढं वाचायचा. आधी पिण्याचं पाणी, मग जनावरांचं, मग पिकाचं. पाणी कमी असेल तर कुठलं पीक घ्यायचं नाही, तेही सगळ्यांसमोर ठरतं. हिशेब उघडा असल्यामुळं 'माझ्या विहिरीतलं पाणी तू नेलंस' म्हणायला जागा कमी उरते.

पैशाचंही मला तसंच वाटतं. डब्यातली नोट सगळ्यांना दिसते. स्कॅनरवरचा रुपया दिसत नाही, तो फक्त ज्याच्या नावावर आहे त्यालाच दिसतो. म्हणून तो मुद्दाम उघड करावा लागतो. आता आमच्या मीटिंगला वर्गणी झाली की स्कॅनरचा हिशेब वाचतात. तारीख, रक्कम, कशाचे पैसे. वहीत लिहितात आणि सगळ्या सह्या करतात. दहा मिनिटं लागतात, पण परत कुणाची मान खाली गेली नाही.

"ताई, पण माझ्या नावावर कसा घेऊ? फोन मालकांचा आहे." हे मला दर वेळी ऐकू येतं. तर एकेक पायरी सांगते.

पहिली पायरी खात्याची. जनधनचं किंवा योजनेचे पैसे येतात ते खातं आपल्या एकटीच्या नावावर असतं. ते चालेल. पासबुक काढून बघा, त्याला मोबाईल नंबर कुणाचा जोडलाय? नवऱ्याचा किंवा मुलाचा असेल तर सगळे मेसेज आणि ओटीपी त्यांच्याकडं जातात. पासबुक आणि आधार घेऊन बँकेत जा, एक अर्ज भरायचा असतो, तुमचा नंबर लावून घ्या. आधार कार्डालाही तोच नंबर जोडा.

दुसरी पायरी फोनची. बँकेत जो नंबर आहे त्याचंच सिमकार्ड फोनमध्ये असावं लागतं. अ‍ॅप त्या सिमवरून स्वतः एक मेसेज पाठवतं आणि खातं ओळखतं. पिन बनवायला एटीएम कार्डावरचे शेवटचे सहा आकडे आणि कार्डाची मुदत लागते. ट्रंकेत जपून ठेवलेलं ते कार्ड याच कामाचं. कार्ड नसेल तर आधारच्या ओटीपीवरही पिन बनतो. पिन चार किंवा सहा आकड्यांचा. लग्नाचं साल नको, मुलाची जन्मतारीख नको. घरात सगळ्यांना ते पाठ असतं.

तिसरी पायरी स्कॅनरची. अ‍ॅपमध्येच तुमच्या नावाचा कोड तयार मिळतो. त्याची प्रिंट काढून पुठ्ठ्यावर लावा. पैसे आल्याचं बोलून सांगणारा डबा घ्यायचा असेल तर आधी त्याचं महिन्याचं भाडं किती ते विचारून घ्या. दिवसाला चार पाकिटं विकणारीला तो परवडेलच असं नाही. स्मार्टफोनच नसेल तर बँकेत विचारा, खात्याचा छापील कोड मिळू शकतो. पैसे घ्यायला आपल्याकडं कॅमेऱ्याचा फोन लागत नाही, कॅमेरा गिऱ्हाइकाचा असतो. आणि साध्या बटणाच्या फोनवरून पैसे पाठवायची सोयही २०२२ पासून झाली आहे.

गटाच्या खात्याचं थोडं वेगळं आहे. ते दोघी-तिघींच्या सह्यांनी चालतं, म्हणून एकीच्या फोनवरच्या अ‍ॅपमध्ये ते सहसा जोडता येत नाही. आणि ते बरंच आहे. बँकेत जाऊन विचारा, "गटाच्या नावाचा, नुसते पैसे जमा होण्यापुरता कोड मिळेल का?" मिळाला तर उत्तम. मिळेपर्यंत एका सभासदाचा कोड वापरायचा असेल तर तसा ठराव लिहा. कुणाचा कोड, किती दिवसांसाठी, आणि पैसे गटाच्या खात्यात कधी भरायचे, हे त्यात असू द्या. आम्ही हे आधी केलं असतं तर ते तीन आठवडे टळले असते.

आता फसवणुकीचं. चार गोष्टी लक्षात ठेवा. फ्रिजवर किंवा फडताळावर लिहून चिकटवा.

एक. पैसे घ्यायला पिन लागत नाही. कधीच लागत नाही. तुम्ही गाय विकायला काढली, फोनवर एक जण म्हणाला, "ताई, विसार पाठवतो, हा कोड स्कॅन करा आणि पिन टाका." तिथंच फोन ठेवून द्या. पिन टाकला की पैसे जातात, येत नाहीत.

दोन. रोज सकाळी आपला स्कॅनर बघा. रात्रीतून कुणी आपल्या कोडवर दुसरा कोड चिकटवून जातं आणि दिवसभराची कमाई तिसऱ्याच्या खात्यात जाते. स्वतःच एक रुपया पाठवायला लावून नाव तपासा.

तीन. गिऱ्हाइकानं फोन पुढं करून "बघा, पैसे गेले" असं दाखवलं तरी तो फोटो खोटा असू शकतो. आपल्या फोनवर मेसेज किंवा अ‍ॅपमध्ये जमा दिसल्यावरच पाकीट द्यायचं. रेंज नसेल तर दोन मिनिटं थांबायला सांगा. लाजू नका, आपल्या मालाचे पैसे आहेत.

चार. सगळेच कोड पैशाचे नसतात, काही आपल्याला वेबसाईटवर नेतात. योजनेचे पैसे अडकलेत, केवायसी करा, असं सांगणारा कोड व्हॉट्सअ‍ॅपवर आला तर स्कॅन करू नका. सरकारी वेबसाईटचा पत्ता सहसा 'गव्ह डॉट इन'नं संपतो. शंका असेल तर ग्रामपंचायतीत किंवा अंगणवाडीताईंना विचारा. आणि फसवणूक झालीच तर रडत बसू नका, लगेच १९३० या नंबरला फोन करा. जितका लवकर फोन, तितकी पैसे थांबवता येण्याची आशा जास्त. मग बँकेतही कळवा. घरचे ओरडतील म्हणून बाई लपवून ठेवते आणि तोवर पैसे पार होतात.

एवढं सावध राहिल्यावर हा चौकोन कामाचाही खूप आहे. आधार कार्डावरचा कोड सरकारी अ‍ॅपनं स्कॅन केला तर कार्ड खरं की खोटं ते कळतं. ऑगस्ट २०२३ पासून खूप खपणाऱ्या ३०० औषधांच्या पाकिटांवर कोड छापणं बंधनकारक झालंय, त्यात औषधाचं नाव, बनवणारी कंपनी आणि मुदत मिळते. आपल्या गाईच्या कानातला पिवळा बिल्लासुद्धा त्याच कुळातला. त्यावर बारा आकडे आणि बारकोड असतो. २०२४ मध्ये दुधाला लिटरमागं पाच रुपये अनुदान मिळालं, तेव्हा याच बिल्ल्याची नोंद विचारली गेली. ती नोंदही बघून ठेवा, गाय कुणाच्या नावावर लागलीय? धार कोण काढतं, शेण कोण उचलतं, ते तुम्हाला माहीतच आहे.

आणि हा चौकोन शाळेच्या पुस्तकात आणणारा माणूस आपल्याच शेजारच्या जिल्ह्यातला. सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या झेडपी शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजी शिकवत होते. तिथं मुली शाळेत फार येत नव्हत्या, लवकर लग्नं होत होती. गुरुजींनी पुस्तकाच्या पानावर क्यूआर कोड लावले. कोड स्कॅन केला की कविता ऐकू यायची, धडा दिसायचा. पुढं बालभारतीच्या पुस्तकांत असे कोड छापले जाऊ लागले. २०२० साली गुरुजींना दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि त्यांनी त्यातली निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटून दिली. तेव्हा घरात लेकीच्या हातात असं पुस्तक असेल तर तिलाच सांगा, "मला शिकव." ती शिकवेल, तिला आवडेल. फक्त पिन टाकताना तिला पाणी आणायला पाठवा.

शेवटी नावाबद्दल थोडं. आपलं नाव कशावरही लागायला वेळच लागलाय. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची हाक दिली, तेव्हा कितीतरी शेतकऱ्यांनी सातबाऱ्यावर बायकोचं नाव लावलं. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात, स्वतःच्या नावानंतर आधी आईचं आणि मग वडिलांचं नाव लावायचं असं राज्यानं ठरवलं. त्यामानानं हा कागदाचा चौकोन लहान आहे. त्यासाठी तहसीलला हेलपाटे नाहीत, घरात भांडणही नको. आपल्या माणसाला समजावून सांगा, पैसे घरातच येणार आहेत, फक्त आधी माझ्या नावानं येतील, म्हणजे मला किती कमावलं ते कळेल. उद्या कर्ज मागायला बँकेत गेले तर खात्यावर माझी उलाढाल दिसेल. दुसऱ्याच्या खात्यात गेलेला पैसा माझी पत दाखवत नाही.

पुढच्या मीटिंगला एवढं करा. ज्या ज्या जणी काही विकतात, दूध, अंडी, शिवणकाम, पापड, त्यांनी आपापला स्कॅनर घेऊन या. एकमेकींचा स्कॅन करा, पैसे पाठवू नका, फक्त पडद्यावर आलेलं नाव मोठ्यानं वाचा. कुणाचं नाव येतंय ते वहीत लिहा. जिचं तिचं नाव आलं नाही, तिच्यासोबत दुसरीनं बँकेत जायचं. एकटीला पाठवू नका.

आमच्या त्या माउलीनं तेच केलं. आता आमच्या टेबलावर तिच्याच नावाचा स्कॅनर आहे, ठरावासकट. गटाचा कोड मिळेपर्यंत तोच वापरायचा असं आम्ही अकरा जणींनी ठरवलंय. परवा एका गिऱ्हाइकानं स्कॅन करून तिचं पूर्ण नाव वाचलं आणि विचारलं, "या कोण?" ती टेबलामागून म्हणाली, "मीच."

चला, धारांची वेळ झाली. नमस्कार.